भिंत सुकू द्यायची नाही
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला "कॉम्प्युटरबद्दल काहीतरी बोल" असं सांगितलं होतं. पण काल शाळेत आले, तर मागच्या मैदानावर आपल्या वर्गणीतून होणाऱ्या नव्या सभागृहाची जागा फक्कीने आखलेली दिसली. ती पाहून विषय बदलला. आज मी बांधकामाच्या पाण्याबद्दल बोलणार आहे. मी सिव्हिलची नाही, सॉफ्टवेअरची आहे. तरी या विषयात एकदा तोंडावर पडले आहे, म्हणून तेवढा हक्क आहे असं समजते.

सातवीत भूगोलाच्या बाईंनी आपल्याला पाणचक्कीला नेलं होतं. "हे पाणी इथे किती कामं करतं ते मोजा," असं बाई म्हणाल्या. आपण हौदातले मासे मोजले. बाईंना हवं असलेलं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी कळलं. डोंगराकडून जमिनीखालच्या नळांतून आलेलं पाणी उंच भिंतीवरून खाली पडतं आणि त्या जोरावर जातं फिरतं. तेच पाणी हौदात साठतं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, त्यामुळे उन्हाळ्यातही दालन गार राहतं. पुढे तेच पाणी खाम नदीला मिळतं. एका पाण्याला तीन कामं! मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे नहर बांधली, आणि पुढे पाणचक्कीसारखी कामं झाली ती त्याच परंपरेत.

आता आपल्या काळात येऊ. आपल्या नळाचं पाणी जायकवाडीचं. ते धरण १९७६ साली पुरं झालं. तिथून शहर जवळपास पन्नास किलोमीटर दूर आणि शंभर मीटरहून अधिक उंचावर आहे. म्हणजे आपल्या घागरीतला प्रत्येक लिटर विजेच्या पंपाने वर चढवलेला असतो. तरीही नळ कधी पाचव्या-सहाव्या दिवशी, तर कधी आठव्या-दहाव्या दिवशी. हे तुम्हाला मी सांगायला नको.

२०२२ च्या मार्चमध्ये सिडकोतल्या आमच्या घरावर वरचा मजला चढवायला घेतला. आईचे गुडघे आणि माझं 'वर्क फ्रॉम होम' यांची सोय एकदमच होणार होती. पाणी टँकरचं. दिवसातून तीनदा नळीने भिंतींवर पाणी मारलं जायचं. भिंतीवरून ओघळ रस्त्यावर यायचा आणि गटाराला जायचा. एके दिवशी शेजारच्या काकू फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, तुझ्या भिंतीला दिवसातून तीनदा आंघोळ, आणि आम्हाला आठव्या दिवशी नळ!" त्या हसून म्हणाल्या, पण मला ते लागलं. टँकरचं पाणी नळाचं नाही, विहिरीचं आहे, अशी मी मनाची समजूत घातली. पण ती विहीरही कुठल्यातरी गावाचीच होती ना?

मग मी इंजिनिअरला शोभेल अशा आत्मविश्वासाने चूक केली. नुकतंच बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर झालं होतं. मी नळी बंद करायला लावली. दोन दिवस ऐन उन्हात भिंत कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा! पश्चिमेची पूर्ण बाजू खरवडून पुन्हा करावी लागली. म्हणजे सिमेंट गेलं, वाळू गेली, मजुरी गेली आणि वाचवायला निघाले होते ते पाणीही दुप्पट गेलं.

मिस्त्री माझ्यावर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, पाणी कमी मारा की, पण भिंत सुकू देऊ नका." मला आज जे सांगायचं आहे ते सगळं या वाक्यात आहे.

आपल्याला वाटतं सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते घट्ट होतं. ५० किलोच्या गोणीला काँक्रीटमध्ये साधारण २२ ते २५ लिटर पाणी घालतात. प्रत्यक्ष रासायनिक क्रियेत बांधलं जातं ते सिमेंटच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा, म्हणजे ११-१२ लिटर. थोडक्यात, लागणारं पाणी काँक्रीटच्या पोटात बहुतेक असतंच. आपलं काम ते उडून जाऊ न देण्याचं. रस्त्यावर ओघळून गेलेलं पाणी त्या भिंतीच्या काहीच उपयोगाचं नसतं.

भारतीय मानक ४५६ हेच सांगतं. साध्या सिमेंटच्या काँक्रीटचा पृष्ठभाग किमान ७ दिवस सतत ओलसर हवा. राखमिश्रित सिमेंट असेल किंवा हवा कोरडी आणि उष्ण असेल तर किमान १० दिवस. आपल्याकडचा मार्च-एप्रिल म्हणजे दहाच धरा. शब्द 'सतत ओलसर' असा आहे, 'दिवसातून तीनदा धो धो' असा नाही.

मग आम्ही मिस्त्रींच्या पद्धतीने केलं. कॉलमना बारदान गुंडाळलं आणि त्यावर प्लास्टिक बांधलं. स्लॅबवर छोटे वरंबे करून वाफे केले आणि त्यात पाणी उभं ठेवलं. नळीच्या तोंडाला झारी लावली. पाणी सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर मारायचं, भर दुपारी नाही. दोन दिवसांनी येणारा टँकर चार दिवसांनी येऊ लागला. भेग एकही नाही.

हे झालं पाणी कमी करण्याचं. आता वापरलेलं पुन्हा वापरण्याचं. बांधकामाला पिण्याचं पाणी लागतं, हा आणखी एक गैरसमज. त्याच मानकात मर्यादा दिल्या आहेत. पाण्याचा पीएच ६ पेक्षा कमी नको. लोखंड घातलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत आणि सल्फेट ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. शंका असेल तर त्या पाण्याचे आणि शुद्ध पाण्याचे ठोकळे करून दाबून बघायचे. ताकद ९० टक्क्यांच्या खाली जायला नको. क्युरिंगच्या पाण्याने डाग पडू नयेत, एवढं वर पाहायचं. नीट शुद्ध केलेलं सांडपाणी या कसोट्यांना उतरू शकतं. मात्र प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची तपासणी हवीच, नुसत्या विश्वासावर नको.

असं पाणी आपल्या दाराशी आहे. कांचनवाडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र दिवसाला १६ कोटी लिटरच्या क्षमतेचं आहे. नागपूरने हा धडा आधीच गिरवला. भांडेवाडीला १३ कोटी लिटर क्षमतेचं केंद्र उभारून ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं. जे पाणी थंड करण्याच्या मनोऱ्यातून वाफ होऊन जाणार, ते पिण्याचं कशाला हवं? बंगळूरुमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याचं पाणी बांधकामाला वापरायला बंदी आली आणि दंड ५,००० रुपये ठरला. मी तेव्हा तिथेच होते. जे ठेकेदार आदल्या महिन्यात "जमणार नाही" म्हणत होते, त्यांच्या साइटवर शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे टँकर उभे राहिलेले मी पाहिले. आपण दंडाची वाट का पाहावी?

एक इशारा मात्र देते. साइटवर एकच टाकी असते आणि मजूर, त्यांची लेकरं त्याच टाकीचं पाणी पितात. शुद्ध केलेलं सांडपाणी आणायचं तर आधी पिण्याची वेगळी टाकी ठेवायची, दुसरीवर ठळक रंगाने लिहायचं आणि जे वाचू शकत नाहीत त्यांना तोंडाने सांगायचं. पाणी वाचवण्याची किंमत त्या लेकरांच्या पोटाने चुकती करू नये.

आता थोडं माझ्या धंद्याचं. इमारत उभी राहिल्यावरही पाणी जातच राहतं. पाण्याच्या मीटरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. त्यात मी सगळ्यात आधी रात्री दोन ते चारचा आकडा बघते. सगळे झोपलेले असताना मीटर फिरत असेल, तर कुठेतरी फ्लश टाकी गळते आहे किंवा पाइप फुटला आहे. पण खरं सांगते, सॉफ्टवेअरने आजवर एक थेंबही वाचवलेला नाही. आकडा बघून कुणीतरी उठून पाना हातात घेतो, तेव्हा पाणी वाचतं.

म्हणून सभागृह समितीला माझी विनंती आहे. ठेकेदाराच्या करारात पाच अटी घाला. एक, साइटच्या टाकीला मीटर, आणि आकडा रोज फळ्यावर लिहायचा. दोन, बारदान, प्लास्टिक आणि वाफे यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरायचा, नाहीतर तो कुणी करणार नाही. तीन, क्युरिंगला तपासणी केलेलं शुद्ध सांडपाणी. चार, मजुरांना पिण्याचं वेगळं पाणी. पाच, छपराचं पावसाचं पाणी आणि हात धुण्याच्या बेसिनचं पाणी पुढे झाडांना आणि स्वच्छतागृहांना जाईल अशा वेगळ्या पाइपलाइनी आत्ताच टाकायच्या. भिंती झाल्यावर फोडाफोडी परवडत नाही. यासाठी खर्च थोडा वाढला, तर वाढीव वर्गणीत पहिलं नाव माझं लिहा. आणि फळ्यावरचा आकडा दर शनिवारी आपल्या ग्रुपवर टाकायची जबाबदारीही माझी.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, मासे मोजून झाले. आता पाण्याची कामं मोजायला घेतो.