भाऊसाहेबांच्या नऊ धावा

श्रोतेहो, बेसबॉल हा काही आपल्या मातीतला खेळ नाही. आपल्या कोल्हापूरला वेड कुस्तीचं, तालमीतालमींच्या फुटबॉलचं आणि उरलेल्या वेळात क्रिकेटचं. शाळांतून मुलंमुली सॉफ्टबॉल खेळतात, तेवढीच त्या घराण्याशी आपली ओळख. तरीही आज सुरुवात मी बेसबॉलपासून करणार आहे. तिथून मला कोल्हापूरच्याच एका फलंदाजापाशी यायचं आहे.

बेसबॉलमध्ये चेंडू टोलवून थेट कुंपणापलीकडे घालवला की त्याला होमरन म्हणतात. आपला षटकारच म्हणा ना! असे टोले हाणणाऱ्याला अमेरिकेत राजासारखा मान. बेब रूथ या खेळाडूनं १९२७ च्या एका हंगामात ६० होमरन मारले, आणि साऱ्या कारकिर्दीत ७१४. १९३० साली त्याला वर्षाला ८०,००० डॉलर पगार होता. त्या वेळी अमेरिकेच्या अध्यक्षांचा पगार होता ७५,००० डॉलर! चेंडूला जोरात मारणं हा तिथं एक धंदा होता, आणि चांगला चालणारा धंदा होता.

आता आपल्याकडे येऊ. भाऊसाहेब निंबाळकर १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात जन्मले. १९३९-४० च्या हंगामात ते प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळू लागले आणि पुढं जवळजवळ पंचवीस वर्षं खेळत राहिले. बडोदे, महाराष्ट्र, होळकर, रेल्वे अशा संघांकडून ते खेळले. त्या काळी आपल्याकडे क्रिकेटवर पोट भरण्याची सोय नव्हती. एखादे संस्थानिक खेळाचे शौकीन असले तर खेळाडूला पदरी नोकरी द्यायचे, नाहीतर ज्यानं त्यानं आपली सोय बघायची. अशा दिवसांत भाऊसाहेबांनी ८० सामन्यांत ४,८४१ धावा केल्या. १२ शतकं ठोकली, गोलंदाजी करून ५८ बळीही घेतले. रणजी सामन्यांतली त्यांची सरासरी छप्पन्नच्या वर आहे.

पण भाऊसाहेब म्हटलं की आठवतो एकच आकडा, ४४३.

डिसेंबर १९४८. पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राची फलंदाजी सुरू झाली ती थांबेचना. भाऊसाहेब आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या जोडीसाठी ४५५ धावा केल्या. हा जागतिक विक्रम १९७४ पर्यंत टिकला. भांडारकर २०५ वर बाद झाले, भाऊसाहेब मात्र खेळतच राहिले. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या, त्यांतल्या ४४३ एकट्या भाऊसाहेबांच्या, त्याही नाबाद.

मी कोल्हापुरातल्या क्लब सामन्यांची स्कोअरबुकं बरीच वर्षं लिहिली. त्यामुळं असा डाव दिसला की माझं बोट आधी रकान्यांकडे जातं. ४९ चौकार आणि १ षटकार, म्हणजे झाल्या २०२ धावा. बाकीच्या २४१ धावा पळून काढलेल्या. शिवाय समोरच्या जोडीदाराच्या धावांसाठी मारलेल्या फेऱ्या वेगळ्याच! बेसबॉलमध्ये होमरन मारणारा रमतगमत चार टप्पे फिरून येतो. इथं हा गडी पायांत पॅड बांधून आठ तास चौदा मिनिटं पळत होता. तरीही धावांचा वेग तासाला पन्नासाच्या वर! नुसत्या मनगटाच्या जोरावर हे होत नाही, त्याला तालमीतला दमसास लागतो.

त्या वेळी प्रथम श्रेणीतला सर्वोच्च डाव होता डॉन ब्रॅडमनचा, १९३० सालचा, नाबाद ४५२. भाऊसाहेबांना बरोबरी करायला हव्या होत्या फक्त नऊ धावा. खेळ मधल्या विश्रांतीसाठी थांबला आणि इथंच घात झाला. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्या संघाची ही शोभा त्यांना पाहवेना. डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो, असं त्यांचं म्हणणं. महाराष्ट्रानं विनवणी केली, पण ते बधले नाहीत. सामना सोडून देऊन काठेवाडचा संघ चालता झाला. भाऊसाहेबांना बाद कुणीच केलं नाही. समोर गोलंदाजच उरला नाही!

या नऊ धावांची हळहळ आपण इतकी वर्षं करत आलो. मला हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. मुंबईची दुसरी कसोटी नुकतीच संपली होती आणि तीन कसोट्या बाकी होत्या. त्यांतल्या एकाही कसोटीत भाऊसाहेबांना घेतलं नाही. हजारे, रूसी मोदी, अमरनाथ अशी मातब्बर मंडळी संघात होती, हे मान्य. निवड सोपी नव्हती. पण पुढंही त्यांना कधीच कसोटी खेळायला मिळाली नाही. राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी, बस्स. कसोटी न खेळलेल्या फलंदाजानं केलेल्या सर्वांत मोठ्या डावाचा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. असा विक्रम कुणाला हवासा वाटेल?

असाच एक गडी अमेरिकेत होऊन गेला. त्याचं नाव जॉश गिब्सन. तो कृष्णवर्णीय होता, आणि मोठ्या लीगची दारं कृष्णवर्णीयांना तेव्हा बंद होती. त्याच्या सन्मानफलकावर जवळजवळ ८०० होमरनचा उल्लेख आहे, पण त्यानं ते सारे निराळ्या लीगमध्ये आणि इतर सामन्यांत मारले. जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनसाठी ते दार उघडलं. भाऊसाहेबांवर अशी बंदी कुणी घातली नव्हती. दोघांचं दुःख एका तराजूत घालणं बरोबर नाही. पण गिब्सनची गोष्ट पुढं कुठं गेली ते ऐकण्यासारखं आहे. अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळली, गावोगावच्या सामन्यांचे धावफलक जमवले, आकडे ताडून पाहिले. आणि २०२४ साली त्या कृष्णवर्णीयांच्या लीगचे आकडे अधिकृत नोंदींत धरले गेले. फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन सर्वांत वर गेला, आणि फटक्यांच्या ताकदीचं जे माप असतं त्यात खुद्द बेब रूथच्याही वर!

हे कशामुळं झालं? कुठल्यातरी छोट्या गावात कुणीतरी त्या दिवशीचा धावफलक नीट लिहून ठेवला होता, म्हणून.

भाऊसाहेब या बाबतीत सुदैवी. त्यांचा डाव रणजी करंडकाचा होता, नोंद पक्की होती. पुढं हनीफ महंमदनं १९५९ मध्ये ४९९ आणि ब्रायन लारानं १९९४ मध्ये नाबाद ५०१ धावा करून ब्रॅडमनलाही मागं टाकलं. म्हणजे त्या नऊ धावा मिळाल्या असत्या तरी तो विक्रम केव्हाच मोडला असता. पण प्रथम श्रेणीत चारशेचा आकडा ओलांडणारा भारतीय आजही एकच. २०२३ साली पृथ्वी शॉ ३७९ पर्यंत पोहोचला आणि थांबला. क्रिकेट मंडळानं २००२ चा सी. के. नायडू पुरस्कार भाऊसाहेबांना दिला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ते कोल्हापुरातच गेले.

श्रोतेहो, आपल्या गावोगावच्या मैदानांवर आजही दांडगे टोले हाणणारी पोरं आहेत, पोरीही आहेत. त्यांतल्या बहुतेकांना निवड समितीचं बोलावणं येणार नाही. ते आपल्या हातात नाही. पण शाळेच्या, मंडळाच्या सामन्याला एक वही ठेवावी, त्यात खेळणाऱ्याचं पूर्ण नाव, तारीख आणि धावा लिहाव्यात, आणि सामना संपल्यावर ती वही रद्दीत जाऊ देऊ नये. एवढं तर आपल्याला करता येईल?