संगणकाचा रज्जुसर्प

अंधारांत पडलेली दोरी पाहून सर्पाचा भास होतो, हें वेदान्त्यांचें उदाहरण श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाचें आहे. संगणकालाही असा भ्रम होतो, आणि कधीं कधीं तो भर समुद्रांत होतो.

नौकेवरील संगणकाला स्थान सांगणारें जीपीएस यंत्र जोडलेलें असतें. नाविक संगणक सुरू करतो, आणि पडद्यावरील बाण पिसाळल्याप्रमाणें धांवूं लागतो. कोणी हात न लावतां खिडक्या उघडतात, मिटतात. नकाशावर नेमून ठेवलेला मार्गबिंदु भलतीकडे ओढला जातो. खडकाळ किनाऱ्याजवळ हा प्रकार विनोदाचा राहत नाहीं. पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा जीपीएसवर. वस्तुतः दोघेही निर्दोष असतात.

विंडोज सुरू होतांना प्रत्येक सीरियल पोर्टावर कोणी माऊस आहे काय, याची चौकशी करते. तारेंतून ठराविक खूण केली कीं जुना सीरियल माऊस ‘एम’ हें अक्षर उत्तरादाखल पाठवीत असे. संगणकाला डोळे नाहींत. तारेंतून जें येईल त्यावरूनच त्यानें अनुमान बांधावयाचें. जीपीएस मात्र कोणी विचारण्याची वाट पाहत नाहीं. एनएमईए ०१८३ या संकेतानुसार तें बहुधा दर सेकंदाला अक्षांश, रेखांश व वेळ सांगणारीं वाक्यें सेकंदास ४८०० बिट या वेगानें बोलतच राहतें. माऊसची चाल सेकंदास १२०० बिटांची. चौपट वेगाची ही बडबड मंद कानानें ऐकतांना तींत माऊसच्या उत्तरासारखें कांहीं तरी निघतें, आणि संगणक त्या यंत्राचें ‘मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट’ असें बारसें करून मोकळा होतो. मग प्रत्येक अक्षांश म्हणजे माऊसची एक हालचाल! यूएसबीनें जोडलेलें यंत्रही पुष्कळदां यांतून सुटत नाहीं. कारण त्यांतील परिवर्तक संगणकापुढें सीरियल पोर्टाच्याच रूपानें उभा राहतो.

परीक्षा सोपी आहे. तार काढतांच बाण शांत झाला, तर दोष येथेंच समजावा. तार पुन्हां जोडून डिव्हाइस मॅनेजरमधील माऊसांच्या यादींत तें खोटें नांव शोधावें. बाण ताब्यांत नसल्यामुळें हें काम कीबोर्डानेंच करणें बरें. येथें बहुतेकजण तें नांव पुसून टाकतात आणि फसतात. पुसलेलें नांव पुढच्या वेळीं पुन्हां उगवतें. तें न पुसतां ‘डिसेबल’ करावें, म्हणजे नोंद राहते आणि उपद्रव जातो. तार मात्र नेहमीं त्याच छिद्रांत घालावी. छिद्र बदललें कीं बारसें पुन्हां होण्याचा संभव असतो.

२००१ सालच्या विंडोज एक्सपीपर्यंत आरंभींच्या एका फाइलींत ‘नो सीरियल माइस’ अशी आज्ञा लिहून ही चौकशीच बंद करतां येत असे. नंतरच्या आवृत्त्यांत रजिस्ट्रीमधील ‘सरमाऊस’ या नोंदींत ‘स्टार्ट’चा अंक ३ असतो, तो ४ करावा. त्यानंतर खरा सीरियल माऊसही ओळखला जाणार नाहीं; पण तो आतां कोणाच्या मेजावर असतो? हा फेरफार मात्र नौका बंदरांत असतांनाच करावा.