कामावर रुजू होण्यास योग्य

आयटी कंपन्यांच्या हिंजवडीत मानसिक आरोग्याची परिषद भरली की बोलणे बहुधा ताणतणावाशी येऊन थांबते. मला त्यापुढे जायचे आहे. बायपोलर किंवा बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचा रुग्ण उपचारांनी सावरतो, तरी नोकरीत टिकत नाही, आणि आपण डॉक्टर दोष त्याच्या इच्छाशक्तीला देतो. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयातले दोन दीर्घ अभ्यास शेजारी ठेवून पाहा. बायपोलरमधल्या उन्मादाच्या, म्हणजे मॅनियाच्या, पहिल्या झटक्यात दाखल झालेल्यांपैकी ९८ टक्के दोन वर्षांत त्यातून बाहेर आले. पूर्वीच्या कामावर आणि राहणीवर परतले ते फक्त ४३ टक्के. बॉर्डरलाइनच्या रुग्णांत दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणे निदान दोन वर्षे ओसरलेली राहिली, पण नाती आणि काम दोन्ही सावरलेले निम्मेच निघाले.

लक्षणे जातात आणि काम येत नाही, याचे एक मोठे कारण मेंदूच्या कारभारात आहे. आधी काय, नंतर काय हे ठरवणे, चार गोष्टी ध्यानात धरून पाचवी करणे, जिभेवर आलेला शब्द आवरणे, बेत फसला की दुसरा धरणे, यालाच आपण एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतो. बायपोलरमध्ये हा कारभार मन स्थिर असतानाही काहीसा मंदावलेला आढळतो. बॉर्डरलाइनमध्ये चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. नियोजन अनेकदा कच्चे दिसते, पण खरी घसरण होते ती अपमान किंवा दुरावा जाणवला त्या क्षणी. म्हणून दोघांना एकच सवलत देऊन भागणार नाही. एकाला झोपेची ठरलेली वेळ हवी, कारण अमेरिकी क्लायंटचे रात्रीचे कॉल आणि बदलत्या शिफ्ट झोप मोडतात, आणि मोडलेली झोप उन्मादाला वाट करून देते. दुसऱ्याला चारचौघांतल्या झाडाझडतीऐवजी एकट्याशी, स्पष्ट शब्दांत दिलेला अभिप्राय हवा, आणि उत्तर द्यायला थोडा अवधी.

बायपोलरमधला हा मंदपणा औषधांचाच, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे, आणि मात्रा तपासणे आपले कामच आहे. पण बायपोलरच्या रुग्णांच्या निरोगी सख्ख्या नातेवाइकांतही त्याची पुसट छटा सापडते, तेव्हा सगळे खापर गोळीवर फोडता येत नाही. त्यातून कोणी लिथियम हे मन स्थिर ठेवणारे औषध अचानक सोडले, तर आजार उलटण्याचा धोका मोठा. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: अशी उणीव जाहीर केली की कंपन्या या माणसांना दारातूनच परत पाठवतील. पण ही सरासरी गटाची आहे. बायपोलरच्या बऱ्याच रुग्णांचे गुण निरोगी माणसाइतकेच येतात, त्यामुळे निदान पाहून निवड नाकारणाऱ्याला विज्ञानाचा आधार घेता येणार नाही. कायद्याचाही नाही: २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मानसिक आजाराला दिव्यांगत्वात धरतो आणि खासगी आस्थापनांकडूनही समान संधी धोरण मागतो.

स्पेनमध्ये २३९ बायपोलर रुग्णांवर झालेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. आठवड्याला एक अशी २१ सत्रे घेऊन त्यांतल्या एका गटाला रोजच्या व्यवहारात स्मरण, लक्ष आणि नियोजन कसे सांभाळायचे ते शिकवले. चाचण्यांतले गुण फारसे हलले नाहीत, जगणे आणि काम मात्र सुधारले. म्हणजे मेंदू पूर्ववत होण्याची वाट न पाहता कामाची घडी बदलता येते. आपण ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ एवढीच एक ओळ लिहून चिठ्ठी देतो. रुग्णाची संमती घेऊन, निदानाचा उल्लेख न करता, तिच्याखाली आणखी चार ओळी लिहूया: पहिले तीन महिने रात्रपाळी नको, सूचना लेखी द्याव्यात, एका वेळी एकच काम सोपवावे, आढावा दर आठवड्याला एकाच व्यक्तीने घ्यावा.