एका कामाने ओळखले जावे

नांदेड-लातूरच्या तालुक्या-तालुक्यांतून आलेल्या सनदी लेखापाल, करसल्लागार व वकील बंधू-भगिनींनो,

 या परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलण्यासाठी मिळालेला वेळ मी एकाच प्रश्नासाठी वापरणार आहे. आपल्या शहरात नव्याने कार्यालय थाटणाऱ्या तरुणाकडे पक्षकाराने का यावे? तो म्हणतो, आयकर करतो, जीएसटी करतो, कर्जाचे प्रकल्प अहवालही करतो. शेजारचाही तेच म्हणतो. मग पक्षकाराच्या हाती निवडीसाठी फक्त फी उरते आणि जो कमी सांगेल त्याच्याकडे फाइल जाते. या घसरणीतून बाहेर पडायचे असेल, तर प्रत्येकाने एक क्षेत्र निवडले पाहिजे आणि ते आपल्याच भागाच्या गरजेतून निवडले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ही रीत आपल्याला परकी नाही. लातूरची गंजगोलाई 1917 सालची. तिला 16 रस्ते येऊन मिळतात आणि सोने, चपला, मिरची, गूळ अशा एकेका मालासाठी तिथला एकेक रस्ता ओळखला जात आला. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये हाडांचा डॉक्टर वेगळा, डोळ्यांचा वेगळा. आपल्या विषयाबाहेरचा रुग्ण आला, तर डॉक्टर त्याला चिठ्ठी देऊन दुसऱ्याकडे पाठवतो. त्यात डॉक्टरला कमीपणा वाटत नाही आणि रुग्णाचा त्याच्यावरचा विश्वास उलट वाढतो.

सर्वांत मोठे उदाहरण लातूर पॅटर्नचे. 1982 साली जिल्हा झालेल्या या गावात मोठे उद्योग फारसे नव्हते. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी बारावी विज्ञान आणि त्यानंतरच्या प्रवेश परीक्षा हे एकच काम धरले. जादा तास, सराव परीक्षा, पेपर तपासून चुका दाखवणे आणि पुन्हा सराव, हे वर्षानुवर्षे नेमाने केले. महाराष्ट्रभरातले पालक मुलांना घेऊन लातूरला येऊ लागले. वसतिगृहे आणि मेस त्यामागून आल्या. आधी काम पक्के झाले, मग नाव झाले.

आपल्या व्यवसायाला तर दुसरा मार्गच नाही. सनदी लेखापालाने जाहिरात देऊन काम मागणे, हे 1949च्या कायद्याने गैरवर्तन ठरवले आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार आपण अमुक कामात विशेष जाणकार आहोत, असे वकिलाला पाटीवरही लिहिता येत नाही. म्हणून आपले क्षेत्र पक्षकाराच्या तोंडून गावभर गेले पाहिजे. सगळेच करणाऱ्याबद्दल लोक ‘माणूस चांगला आहे’ एवढेच सांगतात. एकच काम खोलात करणाऱ्याबद्दल ‘दालमिलचे काही असेल तर त्यांच्याकडेच जा’ असे सांगतात.

दालमिलचेच घ्या. सुट्या डाळीवर जीएसटी नाही. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर मात्र 5 टक्के कर आला. एकाच मिलमधून दोन्ही माल निघतात, तेव्हा इनपुट क्रेडिटची वाटणी कशी करायची? जून 2023 मध्ये केंद्राने तूर आणि उडदावर साठा मर्यादा घातली, तेव्हा कोणत्या गोदामातला किती माल कोणाच्या नावावर दाखवायचा, हा प्रश्न रातोरात उभा राहिला. जिनिंगवाल्यांचा प्रश्न निराळा. नोव्हेंबर 2017 पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा कर त्यांनी स्वतः रोखीने भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचे. शेतकरी उत्पादक कंपन्यांचा कायदा आणखी वेगळा. गावोगाव अशा कंपन्या उभ्या राहिल्या, पण त्यांची सर्वसाधारण सभा, भागभांडवल आणि हिशेब नीट बसवून देणारा माणूस त्यांना तालुक्याला सापडत नाही.

क्षेत्र निवडताना तीन गोष्टी तपासा. एक, आपल्या जुन्या फायलींत कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे? दोन, तो प्रश्न असलेले लोक रोज एकमेकांना भेटतात का? मोंढ्यात एका अडत्याचे काम नीट झाले, तर संध्याकाळपर्यंत चार दुकानांत त्याची चर्चा होते. तीन, त्या धंद्यात स्वतः जाऊन बसण्याची आपली तयारी आहे का? ज्याने मिलमधला कोंडा, चुरी आणि घट पाहिली नाही, त्याला उताऱ्याचा आकडा खरा की खोटा हे कळणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आपला भाग दुष्काळाचा. एका पिकावर, एका धंद्यावर विसंबलो आणि तो बसला, तर आपणही बसू. त्याचे उत्तर आपल्या शेतकऱ्यानेच शोधून ठेवले आहे. तो सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घेतो; सोयाबीन दिवाळीच्या सुमारास निघते, तूर नंतर उभी असते. दालमिल हे मुख्य क्षेत्र असेल, तर गोदामे आणि उत्पादक कंपन्या ही त्याला लागून असलेली कामे हाती ठेवा. ज्ञान तेच, पण उत्पन्नाचे दिवस वेगळे. आणि हा बदल एका वर्षात करू नका. जुने पक्षकार सांभाळत, नवी फाइल घेताना निवड करत चला.

क्षेत्र निवडणे म्हणजे काही कामांना नाही म्हणणे. ते एकट्याने जमत नाही. आपल्याकडचे काम दुसऱ्याकडे पाठवले, तर आपला पक्षकार कायमचा जाईल, ही भीती आपणच एकमेकांच्या मनात घातली आहे. म्हणून माझी परिषदेला विनंती आहे. उद्या समारोपाआधी प्रत्येक सभासदाने आपण कोणते काम खोलात करतो ते एका ओळीत लिहून द्यावे. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांची मिळून एक यादी करावी. त्या यादीतून आलेला पक्षकार ते काम संपल्यावर मूळ सहकाऱ्याकडे परत जाईल, असा ठराव आपण सर्वांनी एकमताने करावा.

पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत तुरीच्या साठ्याचा किंवा जिनिंगच्या कराचा प्रश्न वर्षातून एखाद्या वेळी येतो. आपल्याकडे तो हंगामभर येतो. या कामातले राज्यातले सर्वोत्तम जाणकार नांदेड-लातूरचेच असले पाहिजेत आणि ते होण्याची पात्रता या सभागृहात आहे. कामाला लागू या.