पाच जणींचं पासबुक आणि इटलीतले बारा दिवस



आज बोलणारा आवाज एकीचा आहे, पण हे भाषण आम्ही पाच जणींनी एका ओट्यावर बसून लिहिलंय. म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ असंच ऐकायला येईल.

आम्ही पाचही जणी एका शाळेत, एका वर्गात शिकलो. आता साठीला आलोय. दोघी शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या. एक अंगणवाडी सेविका, ती माळकरी आहे. एक शिवणकाम करते. आणि एक दोन म्हशी सांभाळून डेअरीला दूध घालते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही इटली देशात बारा दिवस फिरून आलो. रोम, फ्लोरेन्स, बोलोन्या आणि व्हेनिस अशी चार शहरं पाहिली.

आल्यापासून गावात एकच प्रश्न विचारतात, “तिकडं काय काम होतं?” काम काहीच नव्हतं. लग्न नाही, दवाखाना नाही, देवदर्शनही नाही. मैत्रिणींबरोबर फिरायला गेलो होतो. हे सांगायला आम्हालाही सुरुवातीला जड जायचं. म्हणून आज नीट सांगतो.

आधी पैशांचं. आम्ही प्रत्येकीने पोस्टात स्वतःच्या नावावर पाच वर्षांची आर.डी. काढली होती. महिन्याला २५०० रुपये. पाच वर्षांत मुद्दल दीड लाख, वर व्याज. कमी पडले ते कुणी भाऊबीजेचे साठवलेले घातले, कुणी शिलाईचे. एकीची भाची बोलोन्याला शिकायला आहे. राहण्याच्या जागा तिने स्वस्तातल्या शोधून दिल्या, म्हणून एवढ्यात भागलं.

आर.डी. संपायला सहा महिने राहिले आणि आमच्यातल्या म्हशीवालीचे मालक गेले. घरच्यांनी तिला सांगितलं, आता ती आर.डी. मोड, कार्याला पैसे लागतील. तिनेही मोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. आम्ही चौघींनी आपापल्या परीने उसने दिले आणि पासबुक तिच्या ट्रंकेत तसंच राहिलं. पुढे व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायला गेलो, तेव्हा प्रत्येकीला आपल्या नावाचं बँकेचं खातं दाखवावं लागलं, ३० हजार युरोचा प्रवासविमाही काढावा लागला. तिचं बचत गटामुळे उघडलेलं खातं तेव्हा कामी आलं. पण गावात कुजबुज सुरू झालीच, “वर्ष सरत नाही तोवर ही निघाली फिरायला.”

ती आली. पण कशी आली, ते आम्हाला रोममध्ये कळलं.

रोमला पहिल्या दिवशी आम्हाला सगळ्यात आवडलं ते पाणी. रस्त्यारस्त्यावर लोखंडी खांबाचे नळ आहेत, तोटी नाकासारखी वाकलेली. तिथले लोक त्यांना ‘नाझोनी’, म्हणजे मोठी नाकं, म्हणतात. शहरात असे अडीच हजारांच्या आसपास नळ आहेत आणि पाणी फुकट, प्यायचं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, मग ओणवं न होता पिता येतं. आम्ही लहान मुलींसारख्या एकमेकींच्या तोंडावर पाणी उडवलं. ज्यांनी अर्धं आयुष्य हंडे वाहिलेत, त्यांनाच त्यातली मजा कळेल. म्हशीवाली बाजूला उभी राहून आमच्या पिशव्या सांभाळत होती.

त्रेवीच्या कारंज्यावर लोक पाठ करून पाण्यात नाणं टाकतात. टाकलं की रोमला परत येणं होतं, अशी समजूत. आपल्याकडे चंद्रभागेत टाकतो तसंच. तिथली नाणी गोळा करून गोरगरिबांच्या मदतीला देतात. आम्ही टाकली. तिने नाणं मुठीतच ठेवलं. “युरोचं लिटरात किती होतं?” म्हणाली. पुढे तो आमचा खेळच झाला. कॉफी किती लिटरची, तिकीट किती लिटरचं. एक गोष्ट तिनेच हेरली. तिथे कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते, टेबलाशी बसलं की पैसे वाढतात. मग आम्ही बारा दिवस उभ्यानेच कॉफी प्यायलो.

रोमहून फ्लोरेन्सला जलद गाडीने दीड तास लागतो. फ्लोरेन्सला मोठं देऊळ आहे, म्हणजे चर्च. त्याचा विटांचा घुमट १४३६ मध्ये पुरा झाला. वर जायला ४६३ पायऱ्या. आम्ही चौघी निघालो, ती म्हणाली, गुडघे दुखतात, तुम्ही जा. आमच्यातली एक चिडली. “तू कशातच येत नाहीस. फोटोतसुद्धा उभी राहत नाहीस. मग आलीस कशाला?”

आणि तिथेच, भर रस्त्यात, आमचं भांडण झालं. पन्नास वर्षांच्या मैत्रीत झालं नव्हतं असं. ती म्हणाली, “फोटोत उभी कशी राहू? तुम्ही हसताय. मी हसले तर तो फोटो गावात जाईल. नवरा मेला आणि ही दात काढते म्हणतील. तुम्हाला काय जातंय?”

घुमट राहिला. आम्ही न बोलता चालत सुटलो आणि एका चौकात, कमानी असलेल्या इमारतीच्या पायऱ्यांवर सावलीला बसलो. वर निळ्या गोल चकत्या होत्या आणि प्रत्येकीत दुपट्यात गुंडाळलेलं एक बाळ. आत संग्रहालय होतं. बसायला मिळेल म्हणून आत गेलो.

ते इनोचेंती, म्हणजे निष्पापांचं घर. सोडून दिलेल्या बाळांसाठी ते १४४५ मध्ये सुरू झालं. तिथे आलेलं पहिलं बाळ मुलगी होती. आणि पुढेही तिथे मुलांपेक्षा मुलीच जास्त सोडल्या गेल्या. आत लहान लहान कप्पे आहेत. त्यांत बाळांच्या अंगावर सापडलेल्या खुणा ठेवल्यात. अर्धं तोडलेलं पदक, मणी, चिंधी. अर्धं पदक बाळाच्या गळ्यात, अर्धं आईपाशी. कधी दिवस पालटले तर जोडून ओळख पटावी म्हणून. आम्ही एकेक कप्पा बघत गेलो. परकी भाषा, पण ते अर्धं पदक कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

बाहेर येऊन बसलो तेव्हा म्हशीवाली आपण होऊन बोलली. तिला दुसरी मुलगी झाली तेव्हा घरात तीन दिवस चूल थंडच होती. ती मुलगी कुणाला तरी देऊन टाकायची बोलणी चालली होती. मालक मध्ये पडले. म्हणाले, माझी पोरगी कुठं जाणार नाही. “त्या माणसाला मी अजून नीट रडलेच नाही गं,” ती म्हणाली. “तेरा दिवस माणसांना चहा करत होते. मग म्हशी होत्याच.”

ती रडली. आम्ही पाठीवर हात ठेवून बसलो. येणारी-जाणारी माणसं बघत होती, पण आम्हाला ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. घरापासून इतक्या लांब येऊन काय मिळालं विचाराल, तर आम्ही आधी ही दुपार सांगू. जिनं ओरडा केला होता, तिने माफी मागितली. मग सगळ्यांनाच भूक लागली.

फ्लोरेन्सहून बोलोन्या गाडीने जेमतेम पाऊण तासावर आहे, डोंगरातल्या बोगद्यांतून. या शहराला कमानींचे ओटे आहेत, घरांच्या पुढे पदपथावर छप्पर. सगळे मिळून ६२ किलोमीटर भरतात. २०२१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. पाऊस होता, पण आम्ही न भिजता गावभर हिंडलो. दोघी शिक्षिकांना तिथलं विद्यापीठ बघायचंच होतं. ते १०८८ पासूनचं मानतात. तिथे लाउरा बास्सी या बाईला १७३२ मध्ये पदवी मिळाली आणि शिकवायची नेमणूकही. पण बाई म्हणून सगळ्यांसारखे वर्ग घेऊ देईनात, तर तिने घरातच शिकवणी चालवली. शिक्षिका दोघी तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या.

बोलोन्याची खरी ओळख हाताने लाटलेला पास्ता. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, एवढंच माप. मळायचं, झाकून ठेवायचं आणि हातभर लांब लाटण्याने लाटायचं, पलीकडचं दिसेल इतकं पातळ. या कामातल्या बायकांना तिथे ‘स्फोल्यीना’ म्हणतात. भाचीच्या ओळखीने अशा एका बाईंच्या स्वयंपाकघरात गेलो. माळकरी मैत्रीण अंडं म्हणून लांब बसली. तिथल्या प्रसिद्ध परमेजान चीजमध्येही वासराच्या पोटातलं विरजण असतं, हे भाचीने तिला आधीच सांगितलं होतं. तिचे बारा दिवस टोमॅटो, पाव, भाज्या आणि घरून नेलेल्या चटणीवर मजेत गेले.

त्या बाईंनी आमच्या सगळ्यांच्या लाट्या पाहिल्या आणि मान हलवली. मग म्हशीवालीने लाटणं घेतलं. उन्हाळ्यात शंभर-शंभर पापड लाटणारा हात तो. पोळी फिरवत फिरवत तिने असा पातळ पडदा केला की बाईंनी तो उचलून उजेडाला धरला आणि टाळ्या वाजवल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण दोघी हसत होत्या. भाचीने मोबाइल काढला आणि थांबली. आमच्याकडे बघितलं. तेव्हा तीच म्हणाली, “काढ की. लाटणं दिसू दे नीट.”

दुसऱ्या दिवशी तिथल्या सान लुका देवळाकडे टेकडीवर चढलो. सगळी वाट कमानींखालून, ६६६ कमानी, चार किलोमीटरला थोडी कमी. ती सगळ्यांच्या पुढे. गुडघ्यांचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

तिथे संध्याकाळी एक रीत पाहिली. दिवस मावळायच्या सुमाराला माणसं नुसती चालायला बाहेर पडतात. त्याला ‘पासेज्जाता’ म्हणतात. आमच्या वयाच्या, आमच्याहून म्हाताऱ्या बायका हातात हात घालून, नीटनेटक्या कपड्यांत, गप्पा मारत चौकाला फेऱ्या घालतात. भाजी आणायची नाही, पीठ दळायचं नाही. त्यांना कुणी “कुठं निघालीस?” विचारत नाही. आम्हीही पाच जणी त्यांच्यात मिसळलो.

व्हेनिसला जाताना मात्र फटका बसला. साध्या गाडीचं कागदी तिकीट डब्यात चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं असतं. आम्ही गप्पांत विसरलो आणि दंड भरला. चूक आमचीच. किती लिटर दूध गेलं, ते सांगत नाही. तुमच्यापैकी कुणी गेलंच, तर हे लक्षात ठेवा.

व्हेनिसला रस्त्यांऐवजी पाणी. कचऱ्याची होडी, रुग्णवाहिकेचीही होडीच. तिथून बोटीने बुरानो बेटावर गेलो. रंगीत घरं आणि सुईने विणलेली जाळी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. खाली कापड नसतं. एका टाक्याचं नाव ‘हवेतला टाका’ असंच आहे. जुन्या जाळीशाळेत आता संग्रहालय आहे, तिथे आज्या विणत बसतात. पूर्वी एका जाळीवर सात जणी काम करायच्या, प्रत्येकीचा टाका वेगळा. एकीचा झाला की पुढचीकडे द्यायची. आमची शिवणकामवाली तिथून हलेना. शेवटी म्हणाली, “आपण पाचच आहोत. दोन अजून शोधायला हव्यात.”

मैत्रिणींनो, गावी आलो तेव्हा बोलणारे बोललेच. लाटण्याचा फोटो तिने घरात मालकांच्या फोटोखाली लावलाय. एक जण म्हणाली, “दुखवटा इतक्यात संपला का?” ती म्हणाली, “नाही संपला. पण आता मी एकटी नाही त्यात.” ती अजून म्हशी सांभाळते, अजून कधी कधी रडते. उसने घेतलेले पैसे दूध घालून फेडते आहे, दोन हप्ते राहिलेत.

इटलीच गाठली पाहिजे असं आमचं म्हणणं नाही. पण तुमच्या गटात कर्जाचा हिशोब असतो, बियाण्याचा असतो, मुलांच्या फीचा असतो. त्यात एक रकाना फिरण्याचा ठेवा. महिन्याला पन्नास रुपये का होईना, आपल्या नावावर. वर्षाने तालुक्याबाहेर एक दिवस जा, पण मैत्रिणींबरोबर जा आणि काही काम न काढता जा. कुणाच्या घरी दुःख झालं, तर तिचा वाटा मोडू देऊ नका.

आम्ही पाच जणी आता रोज संध्याकाळी बंधाऱ्यापर्यंत चालत जातो. गेल्या आठवड्यात दोघी नव्या आल्या. सात झालो.

पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, शेवटचं नुसतं फिरायला कधी गेला होतात? उत्तरं रेडिओ केंद्राला कळवा.