चहापानाचे पैसे आणि रात्रीची जीप



मी डॉक्टर नाही. भोरचा, हिशेब लिहिणारा माणूस. पुण्यातल्या हिमोफिलिया रुग्णांच्या एका संस्थेनं मला विश्वस्त व्हायला बोलावलं, तेव्हा वाटलं, वर्षातून चार बैठका, चहा, सह्या. वर थोडा सवाबही मिळेल!

हिमोफिलियात रक्त गोठवणारा एक घटक, बहुतेकदा फॅक्टर आठ, कमी असतो. हा प्रकार साधारण 5000 मुलग्यांमागे एकाला होतो. बाहेरच्या जखमेपेक्षा आतलं रक्त जास्त घात करतं, गुडघ्यात, कोपरात. हजार वर्षांपूर्वी अंदलुसच्या अल-जहरावीनं एका गावाबद्दल लिहून ठेवलंय, तिथले पुरुष किरकोळ जखमेनंही रक्त वाहून मरत.

आपल्यात हा आजार बऱ्याचदा खतन्याच्या वेळी कळतो. माझ्या ओळखीतल्या एका घरी रक्त तीन दिवस थांबेना, आणि सासूनं सुनेचं माहेर काढलं. आजार आईकडून येतो हे खरं, पण तिनं तो मागून घेतलेला नसतो. शिवाय साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो.

आता माझी चूक सांगतो. 17 एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन. त्या दिवशी पुण्यात मोठा कार्यक्रम करायचा, की ते पैसे रुग्णांच्या रात्रीच्या गाडीसाठी ठेवायचे, असा विषय बैठकीत आला. मी कार्यक्रमाच्या बाजूनं हात वर केला. देणगीदार येतात, फोटो निघतात.

त्याच पावसाळ्यात वेल्ह्यात, केळदच्या बाजूच्या एका वाडीत, दहा वर्षांच्या मुलाचा गुडघा रात्री नऊला सुजायला लागला. पुण्यात सरकारी दवाखान्यात फॅक्टर मोफत आहे, एसटीत सवलत आहे. पण रात्री एसटीच नाही. जीपवाल्यानं साडेतीन हजार मागितले, ते घरात नव्हते. सकाळच्या गाडीनं वेल्हे, नसरापूर करत पुण्याला पोचेपर्यंत दुपार झाली. फॅक्टर पहिल्या दोनेक तासांत मिळायला हवा. त्या गुडघ्यात आधीही रक्त उतरलं होतं. आता तो पाय पुरता सरळ होत नाही.

त्याची आई बैठकीला आली. म्हणाली, "दादा, कार्यक्रम चांगला झाला असंल. जीपचं पैसं कोण देनार, तेवढं सांगा."

आज त्या आमच्या विश्वस्त आहेत. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज मीच भरला. ताळेबंद मी त्यांना वाचून दाखवतो. पहिल्याच वर्षी त्यांनी थांबवलं, "चहापान अकरा हजार म्हंजी किती जीपा?"

तीन.

आता रात्रीच्या गाडीचा निधी वेगळा आहे, आणि त्या बाजूचे तीन जीपवाले फोन उचलतात. पैसे नंतर आम्ही देतो. अजून भोरच्या हिर्डोशी खोऱ्यात असं कुणी नाही. तिकडचे कुणी असाल तर चहाला थांबा.

आणि घरात मामाला, भावाला दात काढल्यावर किंवा लहानशा जखमेनं फार रक्त गेलं असेल, तर मुलाच्या खतन्याआधी रक्ततपासणी करा. आजार निघाला तरी खतना करूच नका असं मी म्हणत नाही. रक्तविकारतज्ज्ञांना विचारून, दवाखान्यात, फॅक्टरची सोय करून. तशा मुलाला कमरेत इंजेक्शन घेऊ देऊ नका, ॲस्पिरिन देऊ नका. दवाखान्याची यादी माझ्या पिशवीत आहे, जाताना घेऊन जा.