गाण्याचे यंत्र निवडताना



करारावर सही करण्यापूर्वी आम्ही कामगार हिशेब मांडतो. गाण्याचे यंत्र घेतानाही तो मांडावा. ३२० किलोबिटांचे एमपी३ गाणे मिनिटाला २.४ मेगाबाइट जागा घेते. म्हणजे हजार तासांच्या संग्रहास १४४ गिगाबाइट हवेत. फ्लॅकला याहून पुष्कळ अधिक.

१६० गिगाबाइटांचा आयपॉड क्लासिक २०१४ साली बंद झाला; २०२२ साली आयपॉडची निर्मितीच थांबली. ज्यांचा संग्रह केवळ त्याच्या पोटात होता, त्यांनी यंत्र बिघडल्यावर काय करावे? म्हणून आमचे सांगणे असे, की सुटे मायक्रोएसडी कार्ड घेणारेच यंत्र निवडावे. किती क्षमतेचे कार्ड चालते, हे आधी विचारावे. यंत्र मोडले तरी कार्ड दुसऱ्यात घालता येते. शिवाय एक प्रत घरी ठेवावीच. वर्षानुवर्षे जमवलेले गाणे आपल्या हाती राहिले पाहिजे.